मोठ्यान वाच, यज्ञेश

आचऱ्याच्या आरोग्य केंद्राच्या आवारात फणसाखाली जी अ‍ॅम्ब्युलन्स उभी असते, तिच्यावर दिवसपाळीला गौरजा कोयंडे डॉक्टर असते. वय चौतीस, अंगाने बारीक. आवाज मात्र असा, की ती मागे पेशंटशी बोलत असली तरी पुढे गाडी हाकणाऱ्या महादूकाकांना सगळं ऐकू जातं. पंचक्रोशीत तिला 'वाचणारी डॉक्टरीण' म्हणतात. कुठलंही औषध हातात घेतलं की ती आधी मोठ्याने वाचते. नाव, किती मिलिग्रॅम, मुदत कधीपर्यंत. मग महादूकाका ती बाटली स्वतःच्या डोळ्यांपुढे धरून तेच पुन्हा वाचतात. पेशंट विव्हळत असतो, नातेवाईक ओरडत असतात, आणि ही दोघं शाळेतल्यासारखी वाचत असतात.

ही सवय तिला कॉलेजात लागली नव्हती. तिचे वडील खारेपाटणला हायस्कूलमध्ये मराठी शिकवायचे. घरात शुद्ध बोलायचं, शुद्ध लिहायचं अशी शिस्त; अजूनही ती पेशंटशी शुद्धच बोलते. पण मोठ्याने वाचायची सवय गाडीवरच लागली. सावंतवाडीला आयुर्वेदाची पदवी घेऊन, लग्न होऊन ती वायंगणीला आली आणि थोड्याच दिवसांत अ‍ॅम्ब्युलन्सवर रुजू झाली. पहिल्याच वर्षी चिंदरला एका बाईला उलट्यांसाठी नेलं होतं. रस्ता खराब, बाई अर्धवट शुद्धीत. गौरजाने पेटीतून उलटी थांबवायच्या औषधाची काचेची इवलीशी कुपी उचलली, मान मोडली, सिरिंजमध्ये औषध ओढलं. गाडी थांबवून सलाइनची बाटली धरायला मागे आलेल्या महादूकाकांनी सहज विचारलं, "म्याडम, त्या औषदाचा नाव काय? वहीत लिवचा आसा."

सांगायला म्हणून तिने कुपीकडे पाहिलं. ती वेगळीच होती. आकार तोच, अक्षरांचा रंगही जवळजवळ तोच, पण आत हृदयाचे ठोके वाढवणारं औषध. सुई बाईच्या दंडापासून चार बोटांवर होती.

त्या बाईला काहीच झालं नाही. तिला कधी कळलंही नाही. गौरजा मात्र त्या रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी कामावर आली ती महादूकाकांना म्हणाली, "काका, यापुढे मी वाचणार आणि तुम्ही माझ्यामागून वाचायचं. मी घाईत असले तर मला थांबवायचं. रागावले तरी थांबवायचं."

महादूकाका सातवी शिकलेले. वीस वर्षं ट्रॉलरवर इंजिन सांभाळलेलं. इंग्रजी त्यांना एकेक अक्षर लावून वाचावं लागे. "ओ... एन... डी..." असं करत ते शेवटाला पोचेपर्यंत पेशंटच्या घरच्यांचा जीव टांगणीला लागायचा. पण सहा महिन्यांत त्यांना पेटीतलं प्रत्येक औषध चेहऱ्याने ओळखू यायला लागलं, तरीही त्यांनी वाचायचं सोडलं नाही. "इंजिनाचा आवाज रोज आयकतंव म्हणान डिझेल बगूचा ऱ्हवता काय?" ते म्हणायचे.

वाचून झालं की प्रश्न. तुमचं पूर्ण नाव काय? कुठल्या औषधाने कधी त्रास झाला होता का? रोजची गोळी कुठली, आज घेतली का, किती वाजता? लोक वैतागत. "गो बाय, पाच मिनटांपूर्वी आमीच फोन केलंव ना? मगे नाव कित्याक इचारतस?"

एकदा मसुऱ्यात दाजी नावाच्या गृहस्थांच्या छातीत दुखू लागलं. घामाने अंग चिंब. अशा दुखण्यात जिभेखाली एक गोळी देतात, ती बायकोला टीव्हीवर बघून ठाऊक होती. "आदी ती गोळी दिया!" म्हणून ती गौरजाच्या मागे लागली. गौरजाने रक्तदाब मोजला, मग बायकोला दाजींची जुनी कागदपत्रं शोधायला आतल्या खोलीत पाठवलं आणि खाली वाकून हळू आवाजात म्हणाली, "दाजी, एक विचारते, लाजू नका. काल-परवा दुसरी कसली गोळी घेतली होती का? पुरुषमाणसं घेतात ती?"

दाजींनी डोळे छपराकडे लावले. बराच वेळ कौलं मोजली. मग पुटपुटले, "काल."

"बरं झालं सांगितलंत. आता ही जिभेखालची गोळी मी तुम्हाला देणार नाही. दोन्ही एकत्र आल्या तर रक्तदाब असा खाली येतो की माणूस पुन्हा उठत नाही."

"घरात सांगू नकात, म्याडम."

"घरात नाही. पण हॉस्पिटलच्या डॉक्टरांना सांगावंच लागेल."

पोटात कधी व्रण, काळी शी असं काही नव्हतं ना, ते विचारून तिने त्यांना रक्त पातळ करणारी गोळी चावायला दिली, ईसीजीची पट्टी काढली आणि ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात पोचवलं. दाजी वाचले. तेव्हापासून दरवर्षी ओल्या काजूगरांची पिशवी केंद्रात येते. जिभेखालची गोळी न देणाऱ्या डॉक्टरणीवर नवऱ्याचा एवढा जीव का, हे दाजींच्या बायकोला अजून उमगलेलं नाही.

हे सगळं गौरजा ज्याला सांगायची तो माणूस समुद्रावर होता.

यज्ञेश कोयंडे मालवाहू जहाजावर सेकंड मेट, म्हणजे कप्तान आणि पहिल्या अधिकाऱ्याच्या खालचा अधिकारी. लग्नानंतर तेविसाव्या दिवशी तो बोटीवर गेला होता. त्यानंतर सहा वर्षं झाली. आठ-नऊ महिने तिकडे, दोन-तीन महिने इकडे. मूल नव्हतं. गोव्याच्या डॉक्टरांनी दोघांनाही तपासून सांगितलं होतं की दोष कुणातच नाही, फक्त थोडं एकत्र राहा. ते ऐकून दोघं हसली होती. परतीच्या बसमध्ये मात्र बांद्यापासून कुडाळपर्यंत कुणी बोललं नव्हतं.

पूर्वी बोट बंदराला लागली की फोन यायचा. पंधरा मिनिटांत महिनाभराचं बोलणं बसवावं लागायचं, आणि ते बसायचं. आता जहाजावर इंटरनेट आलं. रोज फोन. "जेवलस?" "जेवलंय. तू?" "पाऊस आसा?" "आसा." गौरजाला वाटायचं, फोन दुर्मीळ होता तेव्हाच हा माणूस जवळ होता. रोज चेहरा दिसू लागला आणि त्या चेहऱ्याच्या मागे लोखंडाची भिंत दिसू लागली, गोल खिडकी दिसू लागली, तिथल्या उन्हाची वेगळी तिरीप दिसू लागली. तो जिथे आहे तिथे ती नाही, हे आता रोज डोळ्यांनी बघावं लागे.

मग ती त्याला पेशंटच्या गोष्टी सांगायची. नावं न घेता. चिंदरची कुपीही त्यालाच पहिल्यांदा सांगितली होती. तो थट्टा करायचा, "काय गो, आज पोथी वाचलंस काय?" पण ऐकायचा. आठवड्यापूर्वीच्या पेशंटचं पुढे काय झालं, ते त्याच्या लक्षात असायचं.

घरी ती आणि सासू, माई. पावसाळ्यात खाऱ्या हवेने कपाटातल्या कपड्यांना बुरशी धरते. म्हणून गौरजा दर रविवारी यज्ञेशचे सगळे शर्ट काढायची, इस्त्री फिरवायची आणि पुन्हा घडी घालून ठेवायची. सात शर्ट. कुणीच न घातलेले. माई एकदा म्हणाली, "अगे, एकदाच कर आणि प्लास्टिकात बांद." गौरजा म्हणाली, "इस्त्रीच्या वाफेला वास येतो, माई." कसला, ते तिने सांगितलं नाही. माईने विचारलं नाही. तिचा नवराही खलाशी होता.

श्रावणातला दुसरा सोमवार. सकाळी साडेदहा वाजले होते. गौरजा केंद्राच्या व्हरांड्यात औषधांच्या मुदती तपासत बसली होती. यज्ञेशचा फोन आला. ही त्याची वेळ नव्हती.

"गौरू, ड्युटीर आसस?"

"आसंय. काय झालं?"

"माका एका माणसाक इंजेक्शन देवचा आसा." त्याचा आवाज कोरडा होता. "जिवंत माणसाक. कोर्सात संत्र्याक दिल्लंय, तेवडाच."

जहाज ब्राझीलहून लोहखनिज घेऊन चीनकडे निघालेलं, हिंदी महासागराच्या खालच्या अंगाला. जहाजावर डॉक्टर नसतो; औषधांचं कपाट सेकंड मेटच्या ताब्यात असतं. रोमेल नावाचा फिलिपिनो फिटर दोन दिवस पोट धरून पडलेला. ताप, उजव्या बाजूला खाली दुखणं. किनाऱ्यावरच्या डॉक्टरशी फोनवर बोलणं झालं होतं. अपेंडिक्सचा संशय. जहाज मॉरिशसकडे वळवलं होतं, पण पोचायला अडीच दिवस. तोवर पू पसरू नये म्हणून त्या डॉक्टरने पेनिसिलिनच्या जातीचं इंजेक्शन लिहून दिलं होतं.

"डॉक्टरान सगळा सांगल्यान हा. पण बोट हलता, गो. तू वायच फोनार ऱ्हव."

गौरजाने हातातली यादी खाली ठेवली.

"ऐक. औषध कुठलं आणि किती, हे मी सांगणार नाही. तो तुझ्या पेशंटचा डॉक्टर, मी नाही. पण ते नीट कसं द्यायचं, ते आपण दोघं करू. लिहून आलेला कागद समोर आहे?"

"आसा."

"वाच. मोठ्यान वाच, यज्ञेश."

त्याने वाचलं. नाव, ग्रॅम, किती पाण्यात मिसळायचं, कुठे टोचायचं.

"आता बाटली. कागद बघू नको, फक्त बाटलीवरचं वाच."

त्याने बाटली वाचली. नाव तेच, ग्रॅम तेवढेच, मुदत पुढच्या वर्षापर्यंत.

"आता त्याला त्याचं नाव विचार."

"अगे, एकवीस माणसा आसव आमी हय. रोमेल आसा तो, माका ठावक आसा."

"तरी विचार."

पलीकडे यज्ञेश इंग्रजीत काहीतरी बोलला. एका दमलेल्या आवाजाने लांबलचक नाव सांगितलं. कागदावरचंच.

"आता औषधाचा त्रास."

"तो फॉर्म आसा माझ्याकडे. त्याच्यात 'नाय' लिवल्यानी हा. डॉक्टराकय ताच सांगलंय."

"फॉर्मला नको विचारूस. त्याला विचार."

विचारलं. "नो, सर," असं आलेलं गौरजालाही ऐकू आलं.

हे 'नाही' तिने शेकडो वेळा ऐकलं होतं. लोकांना तो शब्दच परका वाटतो. आपल्याला झालं त्याला ते नाव आहे, हे त्यांना ठाऊक नसतं.

"यज्ञेश, अ‍ॅलर्जी म्हणू नको. असं विचार, लहानपणी गोळी किंवा सिरप घेतल्यावर कधी अंगावर गांधी उठल्या होत्या का? ओठ, डोळे सुजले होते का? श्वास कोंडला होता का? एकेक विचार. घाई करू नको."

यज्ञेशने एकेक विचारलं. मग तो दमलेला आवाज बोलू लागला आणि बोलतच राहिला. मागे इंजिनाची घरघर. यज्ञेश मध्ये एक-दोनदा "येस, येस" म्हणाला आणि मग तेही थांबलं.

"गौरू." त्याचा श्वास फोनवर ऐकू येत होता. "सात वर्सांचो होतो तेवा. घसो दुखत होतो म्हणान गुलाबी सिरप दिल्यानी. तोंड सुजला, दम लागलो. आवस त्याका होडयेतसून दुसऱ्या बेटार घेवन गेली हॉस्पिटलाक. ती आजून त्या सिरपाचा नाव सांगता सगळ्यांका. अमोक्सिसिलीन."

"तीच जात," गौरजा म्हणाली. "सिरिंज भरलीस का?"

"भरलंय."

"बाजूला ठेव. देऊ नको. आत्ता त्या डॉक्टरला फोन लाव आणि रोमेल जे बोलला ते शब्दन् शब्द सांग. तो दुसरं काहीतरी सांगेल. ते लिहून घे, त्यालाच परत वाचून दाखव, हो म्हणेपर्यंत थांब. मग पुन्हा पहिल्यापासून वाचायचं. कागद, बाटली, माणूस."

"तू ऱ्हव हं फोनाजवळ. मी परत लावतंय."

"मी आहे."

फोन बंद झाला. तिने घड्याळ पाहिलं. अकराला पाच कमी. आणि तेव्हाच गाडीतला फोन वाजला. महादूकाकांनी उचलला, पळसंबमधल्या वाडीचं नाव दोनदा उच्चारलं आणि इंजिन सुरू केलं.

"म्हातारी बेसुद पडली हा, म्याडम."

गौरजाने आपला फोन एप्रनच्या खिशात टाकला आणि गाडीत चढली.

काशीबाई घरात एकटीच राहायची. मुलगा बाळा मुंबईत नोकरीला. शेजारणीने हाक मारली तर उत्तर नाही, म्हणून आत येऊन बघते तर ही चुलीजवळ आडवी. गौरजा पोचली तेव्हा तिघीजणी भोवती होत्या आणि एकजण चमच्याने तिच्या तोंडात साखरेचं पाणी ओतत होती.

"थांबा! शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही. ते फुफ्फुसात जातं."

तिने काशीबाईला कुशीवर वळवलं, तोंड पुसलं, श्वास पाहिला. बोटाला टोचून साखर मोजली. चौतीस. असायला हवी त्याच्या निम्मीही नव्हती. डबा शोधायला सांगितलं. शेजारणीने फळीवरून मधुमेहाच्या गोळ्यांची पट्टी आणली. आजची गोळी फोडलेली होती. आणि आज श्रावणी सोमवार.

"जेवली होती का सकाळी?"

"खंयचा जेवता? उपास तिचो. चाय पन घेना नाय."

म्हाताऱ्या हाताची शीर बारीक असते, हलते, फुटते. शिरेतून द्यायचं साखरेचं औषध बाहेर सांडलं तर आतलं मांस जाळतं. गौरजाने दोन शिरा सोडून तिसरी धरली, साधं सलाइन सोडून ती फुगत नाही ना ते पाहिलं, मग औषध हातात घेतलं.

"डेक्स्ट्रोज. पंचवीस टक्के. मुदत मार्चपर्यंत."

महादूकाकांनी बाटली उजेडाला धरली. "डेक्स्ट्रोज. पंचवीस. मार्च."

त्याच क्षणी तिच्या खिशात फोन थरथरला.

तिला कळलं, कुणाचा आहे. फोन मांडीला लागून थरथरत राहिला, थांबला, पुन्हा थरथरू लागला. महादूकाकांनी तिच्याकडे पाहिलं. औषध देताना दुसरं बोलायचं नाही, हा नियम तिचाच होता. ती सिरिंजचा दट्ट्या हळू दाबत होती आणि नजर शिरेवर होती. मनात मात्र हजारो मैलांवर एक माणूस हलत्या जमिनीवर पाय रोवून उभा होता आणि ती जागेवर नव्हती. मी आहे म्हणाले होते, एवढंच तिला आठवत होतं. दट्ट्या तिने भरभर दाबला नाही.

तिसऱ्यांदा फोन आला नाही. ते जास्त कठीण गेलं.

अर्धं औषध गेलं आणि काशीबाईच्या पापण्या हलल्या. तिने डोळे उघडले, एप्रनकडे पाहिलं.

"बाळा, इलस?"

"काशीबाय, मी डॉक्टर. बाळा मुंबईत आहे."

"मगे फोन कर त्याका." थोडं थांबून तीच म्हणाली, "नको करू. कामार आसतलो."

पुन्हा साखर मोजली. एकशे बारा. शेजारणींनी हात जोडले. त्यांना वाटलं संपलं. गौरजाने त्यांना समजावलं, ही गोळी दिवसभर काम करत राहते, साखर दोन तासांत पुन्हा खाली येईल, म्हणून हॉस्पिटलात ठेवायलाच हवं. काशीबाई उठून बसू लागली होती, ती कुरकुरली, "देवाचो उपास, आणि डॉक्टरान सांगल्यान गोळी चुकवू नको. मी दोनय सांबाळलंय."

"पोटात अन्न नसेल तर ही गोळी घ्यायची नाही, काशीबाय. उपासाआधी येऊन विचारायचं."

ओरोसच्या वाटेवर काशीबाई शुद्धीत होती. तिने गौरजाचं मनगट धरलं होतं आणि सोडत नव्हती. गळ्यातलं मंगळसूत्र बघून तिने विचारलं, "तुझो घोव खंय आसता गो?"

"दर्यार," गौरजा म्हणाली. तिच्या तोंडून मालवणी आपोआप आली.

"मगे तुका सांगूक नको," म्हातारी म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

हॉस्पिटलात गौरजाने सिस्टरला कागद दिला आणि वाचूनही दाखवला. आढळली तेव्हा साखर किती, काय दिलं, किती, किती वाजता, सकाळची गोळी कुठली. सिस्टरने सही केली. मग ती बाहेर येऊन बाकावर बसली आणि खिशातून फोन काढला.

दोन चुकलेले फोन. खाली यज्ञेशचा आवाजातला निरोप, एक मिनिट चाळीस सेकंदांचा.

तिने तो कानाला लावला. आधी इंजिनाची घरघर. मग यज्ञेश, मोठ्याने, शाळेतल्या मुलासारखा, शब्द सुटे करून वाचत होता. नव्या औषधाचं नाव, दुसऱ्या जातीचं. किती. मुदत. कुठून द्यायचं. मग दुसऱ्या एका जाड आवाजाने तेच पुन्हा वाचलं. ते कप्तान असावेत. मग प्रश्न, आणि रोमेलचं लांबलचक नाव रोमेलच्याच तोंडून. मग "ओके, रोमेल, स्मॉल प्रिक." मग फक्त घरघर. मग यज्ञेशचा सुटलेला श्वास, आणि निरोप संपला.

त्यात तिच्यासाठी एक शब्द नव्हता. तिने तो तीनदा ऐकला. ती नव्हती, तेव्हा त्याने कुणाला तरी ऐकवायचं म्हणून तो फोनला ऐकवला होता. सहा वर्षांत त्याने तिला पाठवलेलं काहीही एवढं जवळचं नव्हतं. तिला वाटलं, आत्ता उठावं आणि चालत सुटावं, समुद्र लागेपर्यंत. ओरोसला समुद्र नाही. बाहेर पाऊस पडत होता आणि सरकारी क्वार्टर्सच्या गॅलऱ्यांत कपडे वाळत होते. महादूकाका दोन चहा घेऊन आले. सकाळचं तिचं फोनवरचं बोलणं त्यांनी गाडीत बसून ऐकलं होतं.

"सायबांनी दिल्यानी?"

"दिलं."

"वाचून?"

तिने मान हलवली. महादूकाकांनी चहाचा घोट घेतला. "मगे बरा," म्हणाले.

संध्याकाळी यज्ञेशचा फोन लागला. रोमेलचा ताप थोडा उतरला होता. अंगावर काही उठलं नव्हतं. यज्ञेश तासभर शेजारी बसून बघत होता. त्याला बरंच सांगायचं होतं आणि तो तेच तेच सांगत होता. ती भरलेली सिरिंज त्याच्या डोळ्यांपुढून जात नव्हती.

"तू इचारूक सांगलं नसतंस तर..."

"मला चिंदरला तसंच झालं होतं," ती म्हणाली. "दोन दिवस राहतं. मग सवय राहते."

"तू फोन उचलूक नाय तेवा माका वायट वाटला नाय. माका वाटला, तुझ्याय हातात कोणतरी आसतला."

"होती, एक म्हातारी. यज्ञेश, सकाळपासून आपण एवढं बोललो आणि मी तुला विचारलंच नाही, तू कसा आहेस."

तो हसला. मग हसू थांबलं आणि तो म्हणाला, "माका घराक येवचा आसा, गो." असं त्याने कधी म्हटलं नव्हतं. फोन कुणीच ठेवला नाही. माईने स्वयंपाकघरातला दिवा लावला, तिकडे त्याच्या गोल खिडकीत अजून उजेड होता.

अडीच दिवसांनी रोमेलला मॉरिशसला उतरवलं. ऑपरेशन झालं, अपेंडिक्सच होतं, फुटायच्या बेतात. तो बरा होऊन आपल्या बेटावर गेला. जहाजाच्या त्या फॉर्मवर यज्ञेशने 'नाही' खोडून लाल शाईने औषधाचं नाव लिहिलं आणि मग उरलेल्या एकोणीसजणांना एकेकाला बोलावून तेच प्रश्न नव्याने विचारले. औषधाचा त्रास असलेले आणखी दोघे निघाले.

सप्टेंबरात तो यायचा होता. त्याच्या जागी येणारा अधिकारी आजारी पडला, मुदत वाढली. गणपती त्याच्याविना झाले, दिवाळीही. डिसेंबरात तो कुडाळ स्टेशनावर उतरला तेव्हा गौरजा एका बाळंतिणीबरोबर गाडीत होती. तो रिक्षाने घरी गेला. तिला बघायला मिळाला तो संध्याकाळी, अंगणात, सातांपैकी निळा शर्ट घालून. दोघं पहिले दोन दिवस पाहुण्यांसारखी वागली. मग सवय झाली. सवय झाली तेव्हा सुट्टीचे दिवस उताराला लागले होते.

जायच्या आदल्या आठवड्यात तो एकदा केंद्रावर आला. म्हणाला, तुझी गाडी बघायची आहे. महादूकाकांनी त्याला सगळं दाखवलं. औषधांची पेटी, ऑक्सिजन, साखर मोजायचं यंत्र. गौरजाची जागा कुठली, ते त्याने विचारलं आणि तिच्या समोरच्या, नातेवाइकांच्या सीटवर जाऊन बसला. पट्टा त्याला आखूड पडला. त्याने तो सैल करून लावून पाहिला आणि थोडा वेळ तसाच बसून राहिला. तीही आपल्या जागेवर बसली. गाडी उभीच होती. फणसाची पानं टपावर पडत होती.

मार्चमध्ये तो गेला. गोव्यातल्या मोपाच्या विमानतळावर तिने त्याला सोडलं आणि दोडामार्गच्या वाटेने परत आली; ती वाट लांबची, पण त्या दिवशी तिला घरी पोचायची घाई नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ती कामावर होती.

समोरच्या सीटचा पट्टा अजून सैलच होता. तिने तो तसाच ठेवला. दुपारी त्रिंबकहून एका म्हाताऱ्याला घेतलं, दम्याचा पेशंट. बरोबर सून होती. ती चढली, बसली, पट्टा सैल लागला म्हणून तिने तो ओढून आपल्या मापाचा केला. गौरजाने ते पाहिलं. मग तिने औषध हातात घेतलं आणि म्हाताऱ्याला विचारलं, "आजोबा, तुमचं पूर्ण नाव काय?"